चार नंबर नसलेलं खोकं

चिआ वी सेंग हा माझा ची-हू, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. हा माणूस एका जागी गप बसलेला मी फक्त न्हाव्याकडे पाहिलाय, तेही न्हाव्याच्या हातात वस्तरा असतो म्हणून. पेनांगात उभं आयुष्य त्यानं लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं. खांद्यावर कॅमेरा होता तोवर त्याची वळवळ खपून गेली. गुडघे दुखायला लागले, कॅमेरा सुटला, आणि ती सगळी वळवळ घरात आली. न गळणारा नळ तो उघडून बघतो. चालणाऱ्या पंख्याचे स्क्रू पिळतो. माझी बहीण गेओक हून "अरे, बस की जरा!" म्हणत त्याच्यामागे फिरते, म्हणजे तीही बसत नाही.

त्याचा जीव अडकलाय टीव्हीखालच्या एका काळ्या खोक्यात. खोक्यात पाच हार्ड डिस्क ओळीनं उभ्या, खोकं घरच्या वायफायला जोडलेलं, आणि आत आमच्या सगळ्या आयर इताम भागातली लग्नं. टिकलेली आणि मोडलेलीही. एक डिस्क गेली तर बाकीच्या तिचं काम ओढून नेतात, पण तेवढ्यात दुसरी गेली तर सगळं बुडालं. हे गणित तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, पोस्टमनसुद्धा सुटायचा नाही.

कप्प्यांवरचे लाल स्टिकर मात्र माझ्या बहिणीचे. एक, दोन, तीन, पाच, सहा. आमच्या हॉकियन बोलीत चार म्हणा की मरण म्हणा, ऐकणाऱ्याला सारखंच वाटतं. आमच्या इमारतीतही तिसऱ्या मजल्याच्या वर तीन-अ मजला आहे आणि त्याच्यावर थेट पाचवा. बहीण बाजारात चार मासे कधी घेत नाही. पाच घेते आणि एक मला देते, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

तर खालच्या मजल्यावरचे खू तियाम होक वारले. आवारात मांडव पडला, शवपेटी आली, टाळ-घंटा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको, आम्ही सगळे तिला खू-सो म्हणतो, आमच्या दारात आली. सुतकात दुसऱ्याचा उंबरा ओलांडत नाहीत, म्हणून ती व्हरांड्यातच उभी राहिली.

"वी सेंग, आमच्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग तूच केलं होतंस ना? त्यात हे काही बोललेत का रे?"

ची-हूनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. खू तियाम होक बोलले म्हणजे सूपमध्ये मीठ कमी आहे, एवढंच सगळ्या इमारतीला माहीत.

"बघतो की," ची-हू म्हणाला. "पण घाई कशाला? सगळं उरकू दे."

"अरे, कालपासून यांचा आवाज आठवायला बघतेय, येतच नाही. चेहरा येतो, खोकला येतो, आवाज नाही येत. उद्या सकाळी नेणार यांना. त्याच्या आधी एकदा ऐकव रे मला." एवढं बोलून ती भिंतीला धरत जिना उतरली.

ची-हूनं लॅपटॉप उघडला. खोक्यातली यादी यायलाच तयार नाही. नुसतं गोल चक्र फिरतंय. खोक्याला कान लावला तर आतून टक्, टक्, टक्. त्यानं केबल बदलली. प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला. मागची धूळ फुंकली ती माझ्या डोळ्यात. बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. प्रत्येक वेळी खिडकीशी जाऊन मांडवाकडे बघून यायचा. माझंच डोकं उठलं. शेवटी यादी रांगत आली आणि तिच्या डोक्यावर सूचना: पाचवी डिस्क निकामी.

"एवढंच ना!" म्हणत त्यानं कपाटातली नवी डिस्क काढली.

मी म्हटलं, "ची-हू, आधी खूंच्या लेकीचं लग्न तेवढं बाहेर काढून घ्या. मग काय ती डिस्क बदला."

"या चालीनं तर वरात निघून जाईल! डिस्क बदलली की बघ कसं पळतंय."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. एवढी लग्नं पाहून हा त्यातलं बाशिंग तेवढं शिकला. पाच लिहिलेला कप्पा धरला आणि खस्सकन ओढला. खोकं किंचाळायला लागलं, थांबेचना. लॅपटॉपवर होती नव्हती ती यादीसुद्धा पुसली गेली. एक लग्न उरलं नाही.

ची-हू हातात डिस्क घेऊन या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरत राहिला. "बिघडलेली काढली तर असं कसं होईल? बिघडलेलीच काढली ना मी?" खू-सोला काय सांगायचं, हे विचारायचं धाडस मलाही झालं नाही. तेवढ्यात ओल्या हातांनी बहीण आली.

"कुठली काढलीस?"

"पाच. हे बघ, तुझंच अक्षर."

ती खोक्यापुढं वाकली आणि डावीकडून बोट ठेवत मोजायला लागली. "एक. दोन. तीन." मग बोट पुढच्या कप्प्यावर गेलं आणि तोंड मिटलं.

"पुढं बोल," ची-हू म्हणाला.

"नाही बोलणार. खाली पेटी ठेवलीय."

"चार!" ची-हू एवढ्या जोरात ओरडला की खालची घंटा थांबली असं मला वाटलं. "चार आहे ही, गेओक हून! खोकं आपलं सरळ मोजतंय, त्याला कुठं तुझी भीती! बिघडलेली ती तुझी सहा नंबरची. मी चांगली उपटली!"

"मग माझ्यावर काय ओरडतोस? स्टिकर लावले तेव्हा 'झकास' कोण म्हणालं होतं?"

ची-हू खोक्याकडे वळला. त्यानं खोकं बंद केलं, काढलेली डिस्क तिच्याच कप्प्यात परत बसवली आणि खोकं चालू केलं. खोकं तिला ओळख देईना. मग तो लॅपटॉपवर काय काय लिहून त्याची मनधरणी करायला लागला, की बाबा, ही तीच जुनी आहे, हिच्यावर कोणी काही लिहिलेलं नाही, घे पदरात. तिसऱ्यांदा खोक्यानं ऐकलं. यादी आली, लंगडत आली, पण आली. पेन ड्राइव्ह मी लावला. या खेपेला त्यानं आधी खूंच्या लेकीचंच लग्न बाहेर काढलं. ते उतरलं तशी आम्ही स्कूटरवरून जाऊन कोमतार टॉवरजवळच्या दुकानातून नवं खोकं आणलं आणि जुन्यातलं बाकी सगळं त्यात भरायला लावलं. ते भरणं पुढं कितीतरी दिवस चाललं. जुन्यावर आता माझाही भरवसा नव्हता.

संध्याकाळी पुरोहित चहाला उठले तेव्हा ची-हूनं लॅपटॉप मांडवात शेंगदाण्यांच्या टेबलावर ठेवला. खू-सो समोर, मागं लेक आणि जावई. ची-हूला काही उभं राहवेना, कधी तिच्या उजवीकडे, कधी डावीकडे.

हॉटेलचा हॉल दिसला. नवरा-नवरी टेबलाटेबलाशी थांबतायत, लोक पेले उंचावून लांबलचक "याम सेंग" ओरडतायत. खू तियाम होक पेला धरून उभे, तोंड मात्र गच्च मिटलेलं. पुढं भाषणं झाली. व्याही बोलले, मामा बोलला, हे नुसते मान हलवत होते. खू-सोचे खांदे पडले. मला ते बघवेना.

"आहे अजून, आहे," ची-हू म्हणाला, पण त्याचा आवाज काही खात्रीचा नव्हता.

वाढपी ताटल्या उचलायला लागले होते. खू तियाम होक आपल्या खुर्चीवरून उठले आणि कॅमेऱ्याकडे चालत आले, एवढे जवळ की पडद्यावर नुसतं शर्टाचं बटण राहिलं. आणि आवाज आला, जाडसर, थोडा खरखरीत.

"तू जेवलास का रे? सगळे जेवले. ठेव ते यंत्र खाली आणि बस. माझ्या वाटणीचं बदक ठेवलंय तुला."

ची-हूनं तोंड फिरवलं. त्याच्या ते लक्षातच नव्हतं.

"परत लाव," खू-सो म्हणाली. त्यानं लावलं. "परत." पुन्हा लावलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग ती ताडकन उठली आणि पेटीकडे वळली.

"मेल्या!" ती कडाडली. "जन्मभर मी रांधून वाढलं. त्या कॅमेरावाल्याला विचारलंस, मला विचारलंस कधी, तू जेवलीस का म्हणून?"

मांडवात सगळ्यांच्या माना वळल्या. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला हाच शब्द दिवसातून दहादा ऐकवतात, पण तो पेटीत असताना नाही. खू-सोलाही ते उमगलं. तिनं तोंडावर हात नेला, आणि हाताआडून हसू फुटलं की रडू, मला सांगता येणार नाही. लेक धावली, पण तिनं लेकीला हातानंच थांबवलं आणि पेटीजवळ जाऊन झाकणावर तळवा टेकला.

"नाही जेवले मी," ती हळू आवाजात म्हणाली. "कालपासून नाही जेवले."