मालनबायच्या चार कॅसेटी

मालन घाडी आणि मी एकाच बाकावर बसून गोळ्यांची पाकिटं भरायचो. मुलुंडला आमचा औषधांचा कारखाना, आणि पॅकिंग खात्यात सगळ्या बायकाच. मालन देवगडकडची. गिरण्यांचा संप झाला, नवरा दशरथ घरी बसला आणि ही कामाला लागली. आल्या दिवसापासून हात चालू असताना तिचं गुणगुणणं चालायचं. मला वाटलं, गावाकडची गाणी असतील. एकदा कान देऊन ऐकलं, तर गाण्यात चक्क आमची सुपरवायझरबाई होती!

"हे कुणाचं गं?" मी विचारलं.

"माझंच. आता सुचलं."

"आणि चाल?"

"ती पण आताच. शकु, तू पाकिटं भर ना, बाई बघतेय."

त्र्याऐंशीच्या गणपतीत आमच्या मंडळाने ऑर्केस्ट्रा आणला आणि ऐन वेळी त्यांच्या गायिकेचा घसा बसला. मीच मालनला स्टेजवर ढकललं. एक सिनेमातलं गाणं ती कसंबसं म्हणाली. मग माइक हातात घट्ट धरला आणि स्वतःचं सुरू केलं, 'शिटी मार रे कुकरा, बस माजी सुटता'. नोकरीवर निघालेली बाई कुकरला विनवतेय, बाबा, आटप लवकर. दुसऱ्या कडव्याला बायका उभ्या राहिल्या. तीनदा म्हणायला लावलं तिला. ऑर्केस्ट्रातला रामनाथ अकॉर्डियन वाजवायचा. तो खाली उतरल्यावर धावत आला.

"ताई, कुठल्या पिक्चरमधलं हे?"

"पिक्चरमधलं नाय, माझ्या स्वयंपाकघरातलं."

रामनाथनेच तिला घाटकोपरच्या एका छोट्या कॅसेट कंपनीत नेलं. मालक तुळशीदासभाई. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, आणि रेकॉर्डिंग चालू झालं की पंखा बंद. कोरसला मी आणि पॅकिंगमधल्या दोघी. मालनने पिशवीतून काय काढलं असेल? घरचा कुकर. आणि दशरथने मागून स्टोव्ह आणून ठेवला.

"हे काय?" रेकॉर्डिस्ट ओरडला. "शिटीचा आवाज आम्ही तोंडाने काढू!"

"तोंडाची शिटी पोरं मारतात," मालन म्हणाली. "बाईच्या घरात खरी होते."

पॅसेजमध्ये स्टोव्ह पेटला. पहिल्या वेळी शिटी फार लवकर झाली. दुसऱ्या वेळी झालीच नाही. आम्ही घामाने निथळत होतो, रेकॉर्डिस्ट कपाळाला हात लावून बसलेला. पुढच्या वेळी मालनने 'कुकरा' शब्द थोडा लांबवला, डोळा पॅसेजकडे, आणि शब्द संपता संपता अशी झकास शिटी पडली की आम्हाला हसू आवरेना. ते हसूसुद्धा कॅसेटमध्ये आहे. त्यातला वरच्या पट्टीतला आवाज माझा.

कॅसेट आली. कव्हरवर कुणी भलतीच मुलगी, डोक्यावर पाटी, मागे माड. मालनचं नाव कोपऱ्यात बारीक. आणि खाली छापलेलं, 'गीत-संगीत : पारंपरिक'.

आम्ही दोघी तशाच घाटकोपरला गेलो. तुळशीदासभाई चहा मागवत होते.

"भाई, पारंपरिक म्हणजे काय?" मालनने विचारलं.

"म्हणजे जुनं, बेन. गावठी भाषा आहे ना. लोकांना जुनं आवडतं."

"माझ्या आवशीन कुकर डोळ्यांनी बघूक नाय, आणि गाणं जुनं?"

भाई हसले. माणूस वाईट नव्हता, पण पुढच्या छपाईत बघू म्हणाले आणि पुढच्या छपाईतही तेच राहिलं. गाणं तोवर भांडुपपासून दहिसरपर्यंत हळदीला वाजायला लागलेलं. मालनला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसली आणि विक्रोळी आली तशी मांडीवर ताल धरायला लागली.

दुसऱ्या कॅसेटचं मुख्य गाणं त्या बसमध्ये झालं. आम्ही कोरसवाल्या विचारायचं, 'मालनबाय, मालनबाय, डब्यात आज काय?' आणि तिने उत्तर द्यायचं, 'कालचो बांगडो, दुसरा काय नाय!' रेकॉर्डिंगला भाईंनी ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"बेन, हे नाव काढून दुसरं काही टाकलं तर?"

"टाका की. चालीत बसवून दाखवा."

त्यांनी सुमनबाय म्हणून बघितलं, शांताबाय म्हणून बघितलं. रामनाथ अकॉर्डियनवर मान खाली घालून हसत होता. शेवटी भाईच म्हणाले, "नाही जमत, तुझंच राहू दे." कव्हरवर यावेळीही पारंपरिकच आलं, पण कोण वाचतंय कव्हर? लाउडस्पीकरवर तिचं नाव घुमत होतं. जोगेश्वरीच्या एका लग्नात लहान पोरी मालनबाय मालनबाय करत नाचत होत्या आणि ही माझ्या शेजारी बसून जिलेबी खात होती. कुणाला पत्ता नाही. मी उठून सांगणार, तर हात दाबला माझा. "बस गं. बघू दे मला."

तिसऱ्या कॅसेटवर मात्र तिचा फोटो आला, कारखान्याची टोपी घातलेला, आणि खाली गीत, संगीत, स्वर, तिन्ही मालन घाडी. रेडिओने कधी बोलावलं नाही. पेपरात ओळ आली नाही. मोठ्या कंपनीचा माणूस एकदा आला आणि सिनेमातली गाणी गाशील का विचारून गेला. ती नाही म्हणाली. आमच्या खात्यात मात्र बायका नव्या मुलीला आधी तिची ओळख करून द्यायच्या, मग सुपरवायझरची.

चौथी कॅसेट एकोणनव्वदची, शेवटची. पुढे भाईंनी धंदाच बंद केला. त्या कॅसेटमध्ये एक संथ गाणं आहे, कोरस नाही, फक्त ती आणि अकॉर्डियन. 'भोंगो वाजूक नाय, तरी तू उठलंस.' गिरणी बंद पडून वर्षं झाली तरी पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसणाऱ्या माणसाचं गाणं. भाई म्हणाले, हे खपणार नाही. नाहीच खपलं. पण एवढं चांगलं गाणं मी त्या सगळ्या वर्षांत दुसरं ऐकलं नाही.

एका दमात रेकॉर्ड झालं ते. दशरथ दाराजवळच्या स्टुलावर बसलेला. गाणं संपलं. रेकॉर्डिस्टने टेप मागे घेतली आणि विचारलं, "ऐकायचं का?"

दशरथने एकदा ऐकलं. मग स्टूल ओढून स्पीकरच्या अगदी पुढ्यात नेलं आणि म्हणाला, "पुन्हा लाव."