गुलाबचं पोट आणि अमरावतीचं स्थळ

आमच्या अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनात कापसाचे ढीग हंगामापुरते. हंगाम सरला की आवार मोकळं. गुलाबच्या गोष्टींचा ढीग मात्र बाराही महिने वाढायचा. एक सांगून होत नाही तोच कुणीतरी म्हणणार, "अन् ते अमरावतीचं?" तर घ्या, अमरावतीचं.

गुलाब जिनातला फिटर. ताडमाड अंग, लोण्यासारखं मन, आणि जेवायला बसला की बघत राहावं असा माणूस. वामन तोलाई कारकून, मॅट्रिक पास; म्हणून आमच्या तिघांत विचार करायचं खातं त्याच्याकडे. मी चौथीपर्यंत गेलो. पाचवीत मास्तरच म्हणाले, "आता तू घरी बस, बाकीच्यांना शिकू दे."

नवे पैसे नुकतेच निघाले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. गुलाबचं लग्न जुळत नव्हतं, आणि आडवा यायचा तो पाहुणचार. मूर्तिजापूरला मुलगी पाहायला गेलो, तर पुरणपोळ्या आणता आणता घरच्या बायका दमल्या. मुलीचा बाप भला माणूस. स्टेशनावर पोचवायला आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगं सोन्यासारखं हाय, भाऊ. पण दिवाळीले बलावलं तं मले वावर इकावं लागन."

* * *

अमरावतीची मुलगी गुलाबनं चांदूर रेल्वेच्या एका लग्नात पाहिली होती. तेव्हापासून गडी कामात असला तरी भानावर नसायचा. मुलीचे वडील नारायणराव, राजापेठेत घर, चांदूरकडे शेती. त्यांचा निरोप आला: संध्याकाळी जेवायलाच या.

गुलाबचं तोंड उतरलं. "हे मोडलं तं पुन्हा कोणाच्या दारी जात नाई मी," म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की मयतीतही हसू न आवरणाऱ्या मला हसू आलं नाही.

वामननं तोड काढली. "सकायच्या गाडीनं निघू. दिवसभर अमरावती पाहू अन् याले चारत राहू. संध्याकायी यानं दोन घासात हात धुतला पाहिजे."

बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत आलूबोंडेवाल्याची परात रिकामी. तो बिचारा धंदा सोडून गुलाबकडे बघत उभा. गाडी सुटली तर म्हणतो, "भाऊ, उद्या येता का?"

* * *

आधी अंबादेवी. गुलाबनं हात जोडले ते सोडेचना. मागे रांग खोळंबली, पुजारी खाकरला. बाहेर आल्यावर मी छेडलं, "काय मांगतलं रे? पोरगी?"

"नाई. म्हटलं, माय, आजच्या दिवस मले भूक नको लावू."

देवीनं ऐकलं असतंही. पण आम्ही त्याला गावाभोवतीचा जुना परकोट दाखवायला पायी काढलं. मी गाइड. जवाहर दरवाजा किती हत्तींनी ओढत आणला, हे मी असं रंगवून सांगितलं की दोन वाटसरूही ऐकायला थांबले. अर्धा परकोट झाला आणि गुलाब जागीच उभा राहिला. "वामनभाऊ, आलूबोंडे उतरले वाटते."

वामननं कपाळावर हात मारला. "आपण याले फिरवून राहिलो का जिरवून राहिलो?"

* * *

म्हणून टांगा केला आणि सरळ खानावळ गाठली. मालकीण एक म्हातारी, चुलीपुढे बसून पोळ्या लाटत होती. पोऱ्या "पोळी" म्हणून आत जायचा, घेऊन यायचा, पुन्हा जायचा. वांग्याची भाजी संपली, मग वरण संपलं, मग पोऱ्यानं नुसतं तिखट आणून ठेवलं. गुलाबनं त्याच्याशीही तितक्याच मानानं चार पोळ्या खाल्ल्या. कुठं घाई नाही, सांडणं नाही, आवाज नाही. मी आजवर भजनी पाहिले, पहिलवान पाहिले, पण असा तल्लीन माणूस पाहिला नाही.

शेवटी म्हातारी पदरानं हात पुसत बाहेर आली. आम्हा तिघांकडे पाहिलं, रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

"बाकीची मंडळी हात धुवाले गेली का?"

* * *

जेवून त्याच टांग्यानं वडाळी तलावाकडे निघालो, तर घोडा हलेना. टांगेवाला मागे वळून वामनला म्हणाला, "बाबूजी, येताना हेच तिघं होतात ना?"

तलाव पाहिला. काठावर गिला वडा, वर जिलबी. ऊन उतरेपर्यंत गुलाबनं स्वतःहून 'पुरे' म्हणून हात जोडले. त्याच्या उभ्या जन्मात असं पहिल्यांदा झालं होतं. वामनचा चेहरा असा खुलला की जणू मॅट्रिक दुसऱ्यांदा पास झाला.

* * *

नारायणराव म्हणजे दारात मावणार नाही असा देह. मुलगी आली, नमस्कार करून गेली. गुलाब लाजून पाटाकडेच बघत राहिला. मग पानं मांडली. पाटवडीचा रस्सा, कढी, पुरणपोळी, वर तुपाची धार. नारायणराव गुलाबच्या शेजारीच बसले.

गुलाबनं पोळीचा एक तुकडा मोडला. नारायणरावांनीही एकच मोडला.

"घ्या ना," नारायणराव म्हणाले.

"घेतलं. तुमी घ्या."

"माह्यं काय, मी असंच टिचभर खातो."

"मीबी."

वामन खूश. मला मात्र काहीतरी खुपत होतं. एवढा मोठा यजमान, आणि पोळीवरून नुसतं बोट फिरवत राहिलेला. रस्सा थिजला, तूप थिजलं. दोघंही एकमेकांच्या पानाकडे बघायचे. नारायणरावांची बायको दाराशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. "पाहुण्याईले आवडलं नाई का काई?"

भरपूर खाल्लं म्हणून मूर्तिजापूर गेलं, आता खाल्लं नाही म्हणून अमरावती चाललं.

तेवढ्यात आतून मुलीचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत. "माय, बाबाले तं तू दुपारीच गच्च जेवू घातलं, पाहुण्याईपुढं हसं नको म्हून. मंग याईले कोणं घातलं?"

वामन छताकडे बघू लागला. गुलाबनं मान खाली घालूनच आमच्याकडे बोट केलं. "या दोघायनं."

नारायणरावांनी गुलाबला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आतल्या दाराकडे तोंड केलं.

"हे पानं उचला. घडीभरानं दोनच मांडा. एक माह्यं, एक जावायाचं."