कारणाच्या रकान्यात

आमच्या घरी काही बिघडलं की आधी चौकशी बसते. मिक्सर बंद पडला आणि मी म्हटलं, "मिक्सर गेला," की जयप्रकाश विचारतात, "हे मिक्सर म्हणाला की तू?" मग टेस्टर निघतो, तपास प्लगपासून सुरू होतो आणि सकाळची चटणी दुपारी होते. माझा हा नवरा तीस वर्षं खोदकामाची यंत्रं दुरुस्त करतोय, त्यातली अठरा कोलकात्यात. "मराठ्यांना अडवायला या शहरानं बागबाजारापासून खंदक खणला, आणि आता खणायचं यंत्र अडलं की मराठी माणसालाच बोलावतात," हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावंच लागतं. मी तेवढ्या वेळात चहा टाकून येते.

तो रविवार गणपतीतला होता. मंडळाच्या आरतीला आम्ही निघालो होतो. मी नारायणपेठ नेसलेली, मांडीवर मोदकांचा डबा. न्यू टाउनमधून बाहेर पडायच्या आत फोन वाजला आणि गाडी वळली.

"दहाच मिनिटं, वृंदा," ते म्हणाले. त्यांची दहा मिनिटं मी ओळखून आहे, म्हणून मी तिथल्या तिथे तोंड फुगवून घेतलं.

एका इमारतीच्या पायाचा खड्डा होता आणि त्यात एक्स्कॅव्हेटर मुकाट उभा. चार दिवस तो अर्धा तास चालायचा, मग दम सोडून बंद पडायचा. पडद्यावर दरवेळी एकच: इंजिनाचा वेग मोजणारा सेन्सर खराब. जयप्रकाश आसनसोलच्या खाणीवर गेले होते, तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या अथर्वनं येऊन तो सेन्सर दोनदा बदलला. पडद्याचं म्हणणं काही बदललं नाही.

यंत्राचे मालक साहाबाबू यांनी मात्र निकाल लावून टाकला होता. "ऑपरेटरनंच काहीतरी केलंय," ते माझ्याच समोर म्हणाले, "उद्या नवा माणूस येतोय. हा जाईल गावाला." 'हा' म्हणजे निताई मंडल, बारा वर्षं याच मालकाकडे ऑपरेटर. तो खाली मान घालून माझ्यासाठी खुर्ची पुसत होता. पुसून झाल्यावर म्हणाला, "बौदी, चा खाबेन?" नोकरी जायला आलेला माणूस मला वहिनी म्हणून चहा विचारत होता. माझं फुगलेलं तोंड तिथेच उतरलं.

जयप्रकाशांनी सेन्सरला हातही लावला नाही. त्यांनी निताईला विचारलं, "बंद कधी पडतं? उभं असताना, की काम करताना?"

"बकेट भरून वळलो, की."

एवढं त्यांना पुरलं: वळताना हिसका बसतो, तेव्हा कुठली तरी वायर दगा देत असणार. तक्रार करणारा आणि बिघडलेला एकच असतो असं नाही, हा त्यांचा लाडका सिद्धांत. इंजिनाच्या कंप्युटरला करंट कमी पडला, तर तोही बिचाऱ्या सेन्सरच्या नावानं ओरडतो. त्यांनी मीटरच्या दोन सुया त्या कंप्युटरच्या प्लगला लावल्या, इंजिन सुरू करायला सांगितलं आणि मीटर माझ्या हातात दिला. "आकडा वाचत राहा." मग सीटमागच्या वायरींचा जुडगा ते वीतभर अंतरानं हलवत निघाले. मी चिखलात उभी, निऱ्या एका हातात धरून, "चोवीस... चोवीस... चोवीस..." करतेय. इतक्यात आकडा घसरला. "अकरा," मी म्हटलं, आणि इंजिन बंद पडलं.

जुडग्यात त्या जागी काळ्या टेपची पट्टी होती. ती सोडवली तर आतली जाड वायर सोललेली, अर्ध्या तारा तुटलेल्या, उरलेल्या पावसानं हिरव्या पडलेल्या. गेल्या आठवड्यातल्या विश्वकर्मा पूजेचा जोड होता तो. त्या दिवशी इथे सगळी यंत्रं सुट्टीवर असतात, हार घालून बसतात. निताईनं आपल्या यंत्राच्या हातावर पार बकेटपर्यंत दिव्यांची माळ गुंडाळली होती आणि करंट इथून घेतला होता. माळ निघाली, जोड राहिला. त्या पूजेचा फोटो माझ्या फोनवरही आला होता: कपाळावर टिळा लावून दिव्यांचं बटण दाबताना आमचे प्रमुख पाहुणे जयप्रकाश.

निताईच्या तोंडचं पाणी पळालं. साहाबाबू म्हणाले, "बघा, मी म्हटलंच होतं. लिहा रिपोर्ट."

मी मराठीत म्हटलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळायला नको, "वायर जुनी होती असं लिहा ना."

"वायर नवी आहे."

"मग जाऊ दे त्याची नोकरी. तुमचा रिपोर्ट तेवढा सोवळा राहू दे." मी खरंच संतापले होते.

त्यांनी रिपोर्टचा कागद काढला. लिहून तो साहाबाबूंपुढे धरला. कारणाच्या रकान्यात होतं: पूजेच्या दिव्यांसाठी कंप्युटरच्या वायरीतून करंट घेतला होता. दिवे मी स्वतः सुरू केले. जोड तपासणं माझं काम होतं, मी तपासला नाही. ऑपरेटरला दोष देऊ नये.

"दादा, कंपनी तुम्हाला जाब विचारेल," साहाबाबू म्हणाले.

"विचारू दे."

साहाबाबूंनी कागद दोनदा वाचला, मग फोन काढून नव्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. नवी वायर घालायला दोन तास गेले. तोवर आरती होऊन गेली होती. मग मोदक तिथेच उघडले आणि साहाबाबूंनी तीन खाल्ले. निताईनं बकेट भरून यंत्र डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "चुकलंच माझं. त्याला वाचवायला तुम्ही सगळं अंगावर घेतलंत."

त्यांनी गाडी सुरू केली नाही. "वाचवलं कुठे? खरं तेच लिहिलं. बटण दाबायच्या आधी त्यानं मला विचारलं होतं, दादा, जोड एकदा बघता का? माझ्या हातात खिचडीचा द्रोण होता. मी न बघताच म्हटलं, उत्तम आहे."

"मग चार दिवसांत त्यानं हे साहाबाबूंना सांगितलं का नाही?"

"तेच मघाशी विचारलं त्याला. म्हणाला, दादा, तुम्ही आसनसोलला होतात. माणूस समोर नसताना त्याचं नाव कसं घेणार?"

मला गाडीतून उतरून निताईला नमस्कार करावासा वाटला. मी उतरले आणि केला.