श्रीकृपेकरून वर्षश्राद्ध

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी मराठीत पहिलं पत्र लिहिलं, आणि अण्णांच्या वर्षश्राद्धाला आत्या हिरव्या बांगड्या घेऊन आली.

आम्ही मूळ खानदेशचे, पण मी वाढलो सुरतेत, बमरोलीला. शाळा गुजराती. मराठी बोलण्यापुरती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावी आत्याला दर महिन्याला पत्र लिहीत. आत्याला वाचता येत नाही (शेजारचे मास्तर वाचून दाखवतात), पण पत्र आलं म्हणजे भाऊ बरा आहे, एवढं तिला कळायचं. अण्णा मलाही लिहायला शिकवायला बसत. मी म्हणायचो, "फोन आहे ना, अण्णा." मग अण्णा गेले आणि पत्रं थांबली.

वर्ष भरत आलं तेव्हा आई म्हणाली, "आत्याला तूच लिही. फोन नको."

दोन महिने मी मुलीच्या जुन्या दुरेघी वहीत अक्षरं गिरवली. गुजरातीत डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे आधी सगळी अक्षरं काढायची आणि मग पट्टीने एकदम रेघ मारायची, अशी माझी पद्धत. अण्णांची पत्रं सगळी आत्याकडे. नमुन्याला घरात मराठीतला एकच कागद सापडला, तो म्हणजे माझी लग्नपत्रिका. मी ती भक्तिभावाने उतरवली. तिच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू होतं, तेही लावलं. (शिकायचं तर नीट शिकावं.)

मास्तर नेमके बाहेरगावी होते. आत्याने फक्त कोपरे पाहिले, पत्र देवापुढे ठेवलं आणि श्राद्धाच्या दोन दिवस आधी ती उधना स्टेशनवर उतरली.

"निकितानं लगन ठरनं अन् माले आते सांगस?"

माझी निकिता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. ती गुजरातीतच म्हणाली, "पप्पा, कोनां लगन?"

"लग्न नाही, आत्या."

"मग कोपराले कुंकू कसाले?" तिने पिशवीतून पत्र काढून माझ्या हातात दिलं.

मी अक्षराखाली बोट धरून वाचलं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून वडिलांचे वर्षश्राद्ध करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन शोभा वाढवावी."

आई तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की रडत, मला अजून माहीत नाही. मला मात्र रडूच आलं. अण्णांनी माझी एक ओळही पाहिली नव्हती.

"परत वाच," आत्या म्हणाली. मी तीनदा वाचलं. मग तिने पत्राची घडी घालून ते पिशवीत ठेवलं.

"भाऊ गया तैपासून मना घर कागद उना नही. ऱ्हाऊ दे ते कुंकू."

बांगड्या तिने निकिताच्या हातात भरल्या.

आता दर महिन्याला मी पत्र लिहितो. मास्तर वाचायला बसले की गल्लीतले चार जण ऐकायला येतात, म्हणून भाषा बदलायची नाही अशी आत्याची ताकीद आहे. कालच हळद-कुंकू लावून कळवलं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून माझी अक्कलदाढ काढण्याचे योजिले आहे."