गवताच्या वखारीतला विमानतळ

सासूबाईंचा गुडघा नेमका व्हिसा आला त्या दिवसापासून दुखायला लागला. तोवर तोच गुडघा घेऊन त्या बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगचे जिने दिवसातून कितीदा तरी चढत-उतरत होत्या, कारण लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. आता मात्र उठता-बसता गुडघ्याला हात. कोणी विचारलं नाही तरी त्या सांगायच्या, की अशा पायाने विमानात कसं बसणार.

माझी नणंद मस्कतला होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेचं बाळ तिच्या हाती लागलं नव्हतं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी तिला प्रवासाची साफ मनाई केली होती. लेकीने बाळंतपणाला माहेरी यायचं ही आपली रीत. इथे माहेरालाच तिच्याकडे जायचं होतं, आणि ते माहेर गुडघा धरून बसलं होतं. तिथे तिच्याजवळ दुसरं बाईमाणूस नव्हतं. फोनवर ती फार बोलायची नाही, "आई येतेय ना गं वहिनी?" एवढंच विचारायची. मी "हो, हो" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर सासूबाईंकडे बघायची. त्या खिडकीबाहेर बघायच्या.

खरं कारण एकदा भाजी निवडता निवडता बाहेर पडलं.

"मना तिकडं कोन विचारनार? विंग्रजी नाय, हिंदी ती तुटकी. कुठं चुकले-बिकले तर पोरीनं बालाकडं बघायचं का माझ्याकडं?"

मला राग येतो तेव्हा मी काहीतरी करायला घेते, नुसतं बसवत नाही. त्या वेळी मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये नाइटीच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर होते. आमच्या सिंधी शेठच्या चुलतभावाने नुकतंच अंबरनाथच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला एक हॉटेल काढलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे विमानांसाठी धावपट्टी केली होती. साहेबलोक विमानाची वाट बघत जिथे बसायचे ती दगडी इमारत अजून उभी होती. मधली कित्येक वर्षं ती कोणाकोणाचं गोदाम होती. शेठ कपाळावर हात मारून म्हणाला, "मेरा भाई पागल हुआ है. पुराने एअरपोर्ट को फिरसे एअरपोर्ट बनाया, और उसमें पनीर टिक्का बेचता है."

मी तिथल्या तिथे ठरवलं. सासूबाईंना तिकडे न्यायचं, सामानासकट, आणि विमानतळावर काय काय करावं लागतं त्याची रंगीत तालीम करून घ्यायची.

घरी सांगितल्यावर नवरा हसत सुटला. "आईला पोहायला शिकवायला बाथरूममध्ये नेतेस?"

"तुझ्याकडे समुद्र असेल तर तू ने," मी म्हटलं.

सासूबाई तयार झाल्या त्या वेगळ्याच कारणाने. त्यांचं माहेर त्याच बाजूला, मलंगगडाच्या पायथ्याशी. जेवण झालं की तिथून भावाकडे जाऊन येऊ, असं मी कबूल केलं. मग रविवारी आम्ही तिघं आणि मस्कतची बॅग असे रिक्षाने निघालो. बॅगेत डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा, त्यांच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी आणि बाळाला घुटी उगाळून द्यायची दगडी सहाण, असा सगळा संसार होता. हॉटेलात जेवायला सहाण घेऊन जाणारं आमच्याखेरीज दुसरं कुटुंब त्या तालुक्यात नसावं.

अंबरनाथ मागे पडलं, रिक्षा मोठा रस्ता सोडून आत वळली, तशा सासूबाई बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, धसका घेतला.

हॉटेल मात्र मला आवडलं. वर लांब दांडीचे संथ फिरणारे पंखे, भिंतीवर तीन घड्याळं, एकाखाली लंडन, एकाखाली कराची आणि एकाखाली मुंबई. कोपऱ्यात चामड्याच्या जुन्या सुटकेसांची चळत. वेटरांच्या खांद्यांवर सोनेरी पट्ट्या, मेनूकार्ड विमानाच्या तिकिटासारखं लांबट. जेवण तयार झालं की भोंग्यातून एक बाई घोषणा करायची, की टेबल चारचे प्रवासी, आपली व्हेज बिर्याणी निघण्याच्या तयारीत आहे. वर माडीवर राहायच्या खोल्या होत्या. मागच्या खिडकीतून ती धावपट्टी दिसत होती. भेगाभेगांतून गवत वर आलं होतं आणि शेळ्या चरत होत्या.

दारातच विमानतळासारखा काउंटर होता. तिथल्या मुलीला मी आधी बाजूला घेऊन सगळं समजावलं. पोरगी गुणाची. तिने टोपी सारखी केली, सासूबाईंकडे हात पुढे केला आणि इंग्रजीत पासपोर्ट मागितला.

सासूबाईंनी पिशवीत हात घातला. पासपोर्ट हाताला लागेना. मग रुमाल पडला, तपकिरीची डबी पडली, पासपोर्ट निघाला तो उलटा धरला गेला. मुलीने पुढचा प्रश्न विचारला, सामान तुम्ही स्वतः भरलंत का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी वर पंख्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठावर घाम आला. मागे दोन-तीन माणसं जेवायला म्हणून येऊन उभी राहिली होती, ती बघत होती.

"मना घरी ने," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझं काय खरं नाय. पोरीला सांग, नाय जमत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारला नाही, तेच मला जास्त लागलं. त्याचाही चेहरा उतरला होता. अजून तीन आठवड्यांनी विमान होतं, आणि आता रात्रीच्या फोनवर नणंदेला काय सांगायचं हा प्रश्न आम्हा दोघांपुढे एकाच वेळी उभा राहिला. मी बॅग उचलली.

बाहेर पडायच्या वाटेवर, दाराच्या डाव्या हाताला, दोरी लावून एक मोठा वजनकाटा ठेवला होता. खाली लोखंडी फळी, वर पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन, सगळं घासूनपुसून चकचकीत केलेलं. शेजारी पाटी होती, की हा विमान-प्रवाशांच्या सामानाचा काटा. सासूबाई तिथे थबकल्या. दोरीखालून हात घालून त्यांनी फळीचा एक कोपरा चाचपला. तिथे तुटलेल्या जागी दुसरा तुकडा जोडलेला होता.

"यो तर वखारीतला काटा," त्या म्हणाल्या. "यो कोपरा बैलगाडीनं तुटलेला. माझ्या म्होरं."

मग एकेक उलगडलं. त्यांच्या लहानपणी ही इमारत म्हणजे गवताची वखार होती. दिवाळी सरली की डोंगरउतारावरचं गवत कापायचं आणि भारे डोक्यावर आणून इथे वजनावर विकायचे. मुंबईच्या तबेल्यांसाठी इथून गवत जायचं. आम्ही आत जिथे लंडनची वेळ बघत उभे होतो तिथे छपरापर्यंत गवत रचलेलं असायचं. रिक्षा वळल्यापासून त्या गप्प होत्या ते ओळख पटत होती म्हणून. पण आतला थाट बघून त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

हे बोलणं ऐकून हॉटेलचा मालक गल्ल्यावरून उठून आला. पांढरे केस, पोट सुटलेलं, चेहरा आमच्या शेठचाच. "माई, ये अंग्रेजों का है," तो जरा चाचरत म्हणाला. "बिल्डिंग के साथ मिला."

"गवताचा हाय," सासूबाई म्हणाल्या. "आनि तुझा खोटा हाय."

त्या दोरी ओलांडून आत गेल्याच. दांडीचं वजन सरकवून त्यांनी शून्यावर आणलं. काटा रिकामा होता, तरी दांडी खालीच पडून राहिली. "बघ. रिकामा असला का दांडी मधी उभी राह्याला पायजे. आमी पोरी आधी रिकामा काटा बघायच्यो, मंग भारा ठेवायच्यो. वखारीचा मुकादम शिव्या द्यायचा, त्याच्या भाषेत. आमाला काय समजत व्हत्या? पयल्या पोरीनं बघायचं, काटा खरा असंल तर असा हात वर करायचा. मंग मागच्यो यायच्यो." त्यांनी उघडा तळवा डोक्याच्या वर धरून दाखवला.

मग त्यांनी लुगडं जरा वर खोचलं आणि त्या जोडलेल्या कोपऱ्यावर टाचेने एक दणका दिला. त्याच गुडघ्याच्या पायाने. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. दांडी हलली, वर आली आणि थरथरत मधोमध उभी राहिली. मालकाने टाळ्याच वाजवल्या. "साईं, इसको कोई चालू नहीं कर सका आज तक," तो नवऱ्याला म्हणाला. मग स्वतःच्या हाताने आमची बॅग उचलून त्याने फळीवर ठेवली. वजन विमानाच्या नियमापेक्षा बरंच जास्त भरलं. सासूबाईंनी तिथेच बसून खारीक निम्मी काढली. सहाण काढायला त्या तयार नव्हत्या.

मालकाने पाटी उतरवली नाही. तिच्याखाली गवताचं पण लिहीन म्हणाला. लिहिलं की नाही मला माहीत नाही.

आम्ही जेवलो. व्हेज बिर्याणीला मीठ कमी होतं, असं सासूबाईंचं मत पडलं. जेवण झाल्यावर त्या मागच्या दाराने धावपट्टीवर गेल्या आणि मी त्यांच्या मागे गेले. ऊन उतरलं होतं. वाटेत आलेली एक शेळी त्यांनी हाकलली. मग म्हणाल्या, "इथं मी पयल्यांदा आले तवा लय घाबरलेले. आईला म्हनले, मना मुकादमाची भाषा नाय येत. तर आई म्हनली, त्याच्या तोंडाकडं नको बघू, काट्याकडं बघ."

मी तोंड फिरवलं. मला रडू येत होतं आणि मला कोणासमोर रडायला आवडत नाही.

"त्या टोपीवाल्या पोरीला बोलव," त्या म्हणाल्या. "परत विचार म्हनावं."

पोरीने परत विचारलं. या वेळी पासपोर्ट सरळ धरला गेला. सामान कोणी भरलं या प्रश्नाला सासूबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग अजून एकदा झालं, आणि तिसऱ्या वेळी त्यांनीच त्या मुलीला विचारलं की तुला लग्न झाल्यावर नोकरी करू देणार आहेत का. भावाकडे पोचेपर्यंत अंधार पडायला आला. घरी आल्यावर नणंदेचा फोन त्यांनी स्वतः उचलला. "येतेय," एवढंच म्हणाल्या आणि मग तिला बिर्याणीतल्या मिठाबद्दल सांगत बसल्या.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या तळहातावर दही ठेवलं. एरवी ते काम त्यांचं असायचं. दुपारचं विमान होतं. विमानतळाच्या दारातला शिपाई आम्हाला आत सोडेना, म्हणून आम्ही दोघं बाहेर काचेला नाक लावून उभे राहिलो. सासूबाई बॅगेची गाडी ढकलत एकट्या आत गेल्या. एकदा चुकीच्या रांगेत शिरल्या, कोणीतरी हात करून दाखवलं, त्या वळल्या. माझ्या नवऱ्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.

त्यांचा नंबर आला. काउंटरवरची मुलगी बॅग ठेवा अशी खूण करत होती, पण सासूबाई बॅग ठेवत नव्हत्या. त्या वाकून रिकाम्या काट्याचे आकडे बघत होत्या. मुलगी काहीतरी बोलली, सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. आकड्यांवर बोट ठेवलं, मान हलवली, आणि मग सहाणेसकट ती बॅग एकट्याने उचलून वर ठेवली.

काचेला आमच्यासारखी कितीतरी माणसं चिकटली होती, त्या गर्दीत त्यांना आम्ही दिसत असू असं वाटत नाही. तरी त्या आमच्या दिशेला वळल्या आणि त्यांनी उघडा तळवा डोक्याच्या वर धरला.

बाथरूममध्ये पोहायला शिकवता येत नाही म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याने, शिपाई बघत असताना, आपलाही हात वर केला.