दुसऱ्या मशीनचा तुकडा

बिदरच्या दवाखान्यातून शिवूच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी ब्लाऊजला काजं करत होते. "हे गेले," एवढंच ती म्हणाली. हातातलं काज पुरं केलं आणि वडिलांना, अप्पांना सांगायला उठले. त्याला आता दीड महिना होईल.

शिवू माझा धाकटा भाऊ. हैदराबादेत कॉम्प्युटरचं काम करायचा. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर बिदर जिल्ह्यातल्या मेहकरला, घरी आला. अप्पांची दृष्टी तोवर गेली होती, आणि पेपर वाचून दाखवताना मी अडखळायची. माझी शाळा चौथीपर्यंतच. म्हणून शिवूनं तळहाताएवढा कॉम्प्युटर आणून पत्र्याच्या डब्यात बसवला. पानाचा फोटो घेऊन तो मोठ्यानं वाचणार होता. तसा प्रोग्राम कुणी कुणी लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला आहे, पण तो डब्याच्या प्रोसेसरला चालेल असा बनवावा लागतो. डब्यावरच बनवायचा तर फार दिवस लागले असते. म्हणून त्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर बसून डब्यासाठी बनवायचा. "गिऱ्हाईक सोलापूरला अन् तू इथं बसून तिच्या मापाचं शिवतीस, तसंच की अक्का," तो म्हणाला.

त्याचे हात सुजायचे. तो पडून सांगायचा आणि मी एकेक इंग्रजी अक्षर शोधून दाबायची. "नोकरी लागली तुला. पगार न्हाई, शिव्या फुकट," म्हणायचा.

एका दुपारी त्याचा डोळा लागला... पडद्यावर प्रोग्रामचा एक तुकडा सापडत नसल्याचं आलं. ती ओळ एव्हाना मला ओळखू येत होती. त्याच नावाचा तुकडा मोठ्या कॉम्प्युटरात दिसला. आजारी माणसाला कशाला उठवायचं, म्हणून तोच उचलून लावला. अस्तर कमी पडलं की आपण घरातलं जोडतो, तसं. काम पुढं सरकलं, पण डबा बोलला नाही.

शिवू तीन दिवस चूक शोधत होता. मी सांगितलेली अक्षरं दाबत होते आणि गप्प होते. लाज वाटत होती. त्याच्याकडे थोडेच दिवस उरलेत, हे माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी त्याला बिदरला न्यायचं ठरलं, तेव्हा गाडीत बसवताना सांगितलं.

"तो तुकडा घरातच व्हता म्हून मीच लावला."

"कामून सांगितलं न्हाईस गं?" मग जरा दम घेऊन म्हणाला, "नाव तेच, पण तो माझ्या मशीनचा. डब्याला तो कळत न्हाई. डब्याचा मी वेगळ्या फोल्डरात उतरवून ठेवलाय, तो घे. अन् सगळं पहिल्यापासनं बनव."

"मला जमंल का?"

"माझ्यापेक्षा तूच जास्ती दाबलंयस की."

माती झाल्यावर पंधरा दिवसांनी बसले. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा डब्यानं पेपरातली बाजारभावाची बातमी वाचायला घेतली.

"कोण वाचायलंय?" अप्पांनी विचारलं.

"शिवूचा डबा."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "घाई कामून करायलाय? हळू वाच म्हण की त्याला."

हळू कसं करायचं, ते शिवूला विचारलंच नव्हतं... आता दोन-तीन ओळी झाल्या की मी डबा थांबवते. अप्पा मान हलवतात, मग पुन्हा चालू करते.