डाव्या मनगटावरचं घड्याळ

सासूबाई आज सकाळी गेल्या. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ अजून चालू आहे.

घड्याळ श्रीकांतचं. माझ्या नवऱ्याचं, त्यांच्या मुलाचं.

ऑटोमॅटिक. सेल नाही, रोज चावी द्यायची नाही. हात हलला की आतली स्प्रिंग आपोआप भरते. काढून ठेवलं तर दीड-दोन दिवसांत बंद.

श्रीकांत तीन वर्षांपूर्वी गेला. तेरा दिवस ते आमच्या मुलाने, निखिलने हातात घातलं; तेराव्याला तो ते काढून कपाटात ठेवत होता.

“दे इकडे,” सासूबाई म्हणाल्या. “बंद नाही पडू द्यायचं.”

पट्टा सैल होता. निखिलने त्याला आणखी एक भोक पाडलं. आंघोळीआधी त्या घड्याळ काढून माझ्याकडे द्यायच्या. मी कोरड्या फडक्याने पुसायचे आणि परत बांधायचे.

त्याच महिन्यात त्यांचा हात थरथरायला लागला.

फक्त डावा. मांडीवर ठेवला की सुरू.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये चहाची वाट बघताना श्रीकांत टेबलावर बोटं वाजवायचा. तीच लय.

निखिल ऑफिसला निघताना त्या हाताकडे बघत दारातच थांबला. “आई... बाबा.”

“आजी आहे ती. कॅब आलीय, नीघ.”

डॉक्टर म्हणाले, “उम्र का है. गोली से कंट्रोल हो जाएगा.”

गोळ्या मला तुळशीच्या कुंडीत सापडल्या.

“हात थांबला तर हा थांबेल, सुधा,” सासूबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

पुढे थरथर उजव्या हातातही आली. वरण-भात अंगावर सांडायला लागला. मग मी भरवायला लागले. एक दिवस मात्र समोर खुर्ची ओढून बसले.

“आई, श्रीकांत नाहीये त्यात. तुमचा हात हलतो म्हणून ते चालतं. साधं मशीन आहे.”

“तू एकटीच बी.एस्सी. झालीस का? कळतं मला.”

“मग गोळी घ्या.”

“घेते. आधी सांग, माझा हात कोण हलवतं?”

मी सांगितलं. मेंदू, नसा, सगळं.

मी बोलत होते तोवर हात थांबला होता. ऐकत असल्यासारखा.

माझं संपलं. तो पुन्हा सुरू झाला.

गोळीचा विषय मी परत काढला नाही.

आज डॉक्टर येऊन गेल्यावर मी घड्याळ काढून घेतलं. मनगट गार पडलं होतं. घड्याळ कोमट होतं.

निखिल म्हणाला, “तू घाल ना, आई. नाहीतर परवापर्यंत बंद पडेल.”

नाही. माझा हात मीच हलवते. तसंच राहू दे.

घड्याळ टेबलावर ठेवलंय. घरात सगळ्यांना बजावलंय, कुणी उचलायचं नाही. आत उरलंय ते सासूबाईंच्या हाताचं आहे. तेवढं संपू दे.

आई, लेकाला सोबत घ्या आणि निघा आता.

नमस्कार करते.